कर्मयोगी मणिभाई देसाई : शेती, गोपालन आणि लोकसेवा

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाची संहिता)





सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल पर्वात चार शब्द बोलण्याची आज्ञा विश्वस्त मंडळाने मला केली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असून आयुष्याची चाळीस वर्षे कापडाच्या पेढीवर गेली आहेत. शेती आणि पशुविज्ञान हे माझे विषय नव्हेत. तरीही आज मी एका शेतकऱ्याचे, एका गोपालकाचे चरित्र आपल्यापुढे ठेवणार आहे. पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या संस्थेने पुढील वाटचालीचा विचार करताना ज्यांच्या जीवनाकडे अवश्य पाहावे, अशा मोजक्या व्यक्तींमध्ये उरुळीकांचनचे पद्मश्री मणिभाई देसाई यांची गणना करावी लागेल, असे माझे नम्र मत आहे.

मणिभाईंचा जन्म २७ एप्रिल १९२० रोजी सुरत जिल्ह्यातील कोसमाडा या गावी झाला. घराणे शेतकऱ्याचे, खाऊनपिऊन सुखी. १९३० साली गांधीजींनी मिठाचा सत्याग्रह केला, ती दांडी याच मुलखातली. त्या वेळी मणिभाई जेमतेम दहा वर्षांचे होते. सारा परिसर देशभक्तीने भारलेला असताना वाढलेले हे मूल पुढे सुरतेस विज्ञानाचे शिक्षण घेऊ लागले. १९४२ च्या ‘चले जाव’ आंदोलनात त्यांनी उडी घेतली आणि कारावास पत्करला. सुटका झाल्यावर पदवीच्या जोरावर चांगली नोकरी मिळवणे त्यांना अशक्य नव्हते. त्यांनी मात्र वर्ध्याजवळील सेवाग्रामची वाट धरली आणि गांधीजींच्या सहवासात राहून श्रमाचे व सेवेचे धडे घेतले.

यानंतर त्यांच्या आयुष्याला जे वळण लागले, त्याचे स्थान आपल्या पुणे जिल्ह्यात आहे. गांधीजींना निसर्गोपचाराची ओढ होती. आरंभी पुणे शहरातील डॉ. दिनशा मेहता यांच्या उपचारगृहातून गरिबांची सेवा करावी असा त्यांचा विचार होता. परंतु गरिबांची सेवा करावयाची तर शहरात बसून ती होणार नाही, खेड्यातच गेले पाहिजे, हे त्यांना लवकरच पटले. पुण्यापासून सुमारे ३० किलोमीटरवर, सोलापूर रस्त्यालगत आणि लोहमार्गावर असलेले उरुळीकांचन हे गाव त्यांनी निवडले. २२ मार्च १९४६ रोजी ते तेथे आले. सुमारे आठवडाभर राहून त्यांनी रोज रोग्यांना तपासले, सूर्यस्नान, कटिस्नान आणि साधा आहार यांचे उपचार सांगितले. त्याच सुमारास ब्रिटिश मंत्र्यांचे शिष्टमंडळ, म्हणजेच कॅबिनेट मिशन, दिल्लीत येऊन दाखल झाले होते. देशाच्या भवितव्याची बोलणी समोर उभी होती. गांधीजींना दिल्लीस जाणे भाग पडले आणि उरुळीचे काम त्यांनी ज्या तरुणाच्या हाती सोपवले, ते मणिभाई. त्यांच्या वयाला तेव्हा २६ वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

या प्रसंगी मणिभाईंनी दोन निश्चय केले. एक आजन्म ब्रह्मचर्याचा आणि दुसरा आयुष्यभर उरुळी न सोडण्याचा. श्रोतेहो, व्रत म्हणजे काय हे या सभागृहात कोणास समजावून सांगावे लागणार नाही. व्रत घेण्याचा दिवस सोहळ्याचा असतो. कस लागतो तो पुढच्या दिवसांत. दोन वर्षे उलटण्याच्या आतच गांधीजींची हत्या झाली. ज्यांना वचन दिले ते पाहण्यास उरले नाहीत. शब्द पाळला की मोडला, हे विचारणारे आता कोणी नव्हते. तरीही मणिभाई उरुळीत राहिले आणि १४ नोव्हेंबर १९९३ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, तब्बल ४७ वर्षे, त्या गावाशी जोडलेलेच राहिले.

त्या काळचे उरुळी डोळ्यांपुढे आणावे. पर्जन्यछायेचा प्रदेश, पाऊस बेभरवशाचा, शेती कोरडवाहू, गावात दारिद्र्य, अस्वच्छता आणि व्यसन. परप्रांतातून आलेला, मराठी शिकत असलेला एक खादीधारी तरुण आपल्याला काय देणार, अशी शंका गावकऱ्यांना वाटली असल्यास नवल नाही. हळूहळू गावकऱ्यांनीच आश्रमासाठी जमीन दिली, निसर्गोपचार आश्रम उभा राहिला. आचार्य विनोबा भावे यांचे बंधू बाळकोबा भावे हेही या आश्रमाच्या कार्याशी एकरूप झाले. गावातील मुलांना शिक्षणासाठी बाहेर जावे लागू नये म्हणून महात्मा गांधींच्या नावाचे विद्यालय सुरू झाले.

रोग्यांची सेवा करीत असता मणिभाईंच्या ध्यानात एक गोष्ट आली, आणि माझ्या मते त्यांच्या साऱ्या कार्याचे मूळ तेथे आहे. उपचाराने बरा झालेला माणूस घरी जातो आणि काही महिन्यांनी पुन्हा आजारी होऊन येतो. त्याच्या घरी पोटभर अन्न नाही, लेकरांना दूध नाही, हाताला बारमाही काम नाही. म्हणजे आजाराचे कारण शरीरापेक्षा चुलीत अधिक आहे. मग औषध तरी कोठे करावयाचे? मणिभाईंनी उत्तर दिले की शेतात आणि गोठ्यात.

तेथून विज्ञानाचा हा विद्यार्थी शेतकरी झाला. आश्रमाच्या जमिनीचे सपाटीकरण, विहीर, पाणी, खत, वैरण, सर्व गोष्टी त्यांनी स्वतः हात घालून शिकून घेतल्या. सौराष्ट्रातील गीर जातीच्या गाई त्यांनी उरुळीत आणल्या. गाय आणून बांधली की गोसेवा झाली, असे त्यांनी मानले नाही. प्रत्येक गाईच्या दुधाची रोजची मोजणी, वेताच्या तारखा, वंशावळ, कालवडींची वाढ, साऱ्याच्या नोंदी ठेवल्या. उत्तम वळू निवडून पैदास केली. पुस्तके आणून पशुप्रजननशास्त्राचा अभ्यास केला. उरुळीच्या गीर गाईंचा कळप देशात नावाजला गेला.

बंधूंनो, आपण व्यापारी मंडळी आहोत. रोजकीर्द आणि खतावणी यांचे महत्त्व आपण जाणतो. मणिभाईंच्या गोठ्यातील नोंदवह्यांचा विचार करताना मला नेहमी वाटते की या माणसाने करुणेची खतावणी ठेवली. कोणती गाय घरास आधार देते, कोणती भार होते आणि का होते, याचे उत्तर भावनेत नसून त्या वह्यांत होते.

गाईसंबंधी गांधीजींचा विचारही असाच रोखठोक होता. गाय शेतकऱ्यास परवडत नाही म्हणून ती कसायाकडे जाते. तिचे दूध वाढवा, तिची निगा शास्त्रीय रीतीने राखा, म्हणजे तिचे रक्षण आपोआप होईल, असे ते सांगत. गोशाळा आणि पांजरपोळ यांचा कारभार जाणकारांच्या हाती असावा, असा त्यांचा आग्रह असे. जमनालालजी बजाज यांनी आपल्या आयुष्याचे अखेरचे पर्व याच गोसेवेस वाहिले. मणिभाईंनी हा विचार व्यवहारात उतरवला.

सर्वसामान्य गावठी गाय दिवसाला लिटर-दोन लिटर दूध देई. पहिल्या वेतास चार-चार वर्षे लागत आणि दोन वेतांतील भाकड काळ लांबत जाई. अशा गाईवर शेतकऱ्याचा संसार चालणे शक्य नव्हते. प्रत्येक शेतकऱ्याने जातिवंत गाय विकत घ्यावी म्हटले, तर तेवढे भांडवल त्याच्यापाशी नव्हते. यावर मणिभाईंनी काढलेला मार्ग एखाद्या कुशल व्यापाऱ्यास शोभावा असा होता. शेतकऱ्याच्या दारात आज जी गाय उभी आहे, तेच त्याचे भांडवल. तिच्याच पोटी होल्स्टिन फ्रिजियन किंवा जर्सी वळूपासून संकरित कालवड जन्मास आणावयाची. नऊ महिने गर्भकाळ आणि पुढे अडीच-तीन वर्षांची निगा, एवढ्या अवधीत गरीब शेतकऱ्याच्या दावणीला दिवसाला आठ-दहा लिटर दूध देणारी गाय उभी राहते. तीही मोठे कर्ज न काढता.

हे काम एका आश्रमाच्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून १९६७ साली मणिभाईंनी ‘भारतीय ॲग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन’ ही संस्था स्थापन केली. ‘बाएफ’ या नावाने ती आज सर्वत्र परिचित आहे. वळूचे वीर्य द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश तापमानास, गोठवून वर्षानुवर्षे टिकवता येते. एका उत्तम वळूपासून हजारो मात्रा तयार होतात. परंतु गाय माजावर असते ती थोडे तास. शेतकऱ्याने काम सोडून तिला दहा मैलांवरच्या दवाखान्यात चालवत न्यावे, तोवर वेळ टळलेली असे. बाएफने ही रीत उलटी केली. गाय दवाखान्यात न जाता प्रशिक्षित कार्यकर्ता मोटारसायकलवर शीतपात्र बांधून गोठ्यात येऊ लागला. तोच पुढे गर्भतपासणी करी, वासराची नोंद घेई, चाऱ्याविषयी सल्ला देई. ग्राहकाच्या दारी माल पोहोचवण्याचे महत्त्व आपल्या बाजारपेठेस ठाऊक आहे. सेवाक्षेत्रात ते मणिभाईंनी ओळखले.

यासोबत वैरणीचा प्रश्न होताच. दुभत्या गाईस नुसत्या कडब्यावर भागत नाही. लसूणघास, हत्तीघास यांच्या जोडीला सुबाभूळ या झाडाचा प्रसार बाएफने १९७० च्या दशकात केला. पाला जनावरास, लाकूड सरपणास आणि मुळे जमिनीचा कस राखण्यास, असा त्याचा तिहेरी उपयोग सांगितला गेला.

या साऱ्याचा परिणाम मी पेढीवर बसून पाहिला आहे. पूर्वी खेड्यातील गिऱ्हाईक वर्षातून एकदा, सुगी झाल्यावर, बहुधा उधारीवर कापड घेई. पाऊस लांबला की उधारी लांबे. गावोगावी दूध संकलन केंद्रे झाली, संकरित गाई आल्या आणि दर दहा दिवसांनी मिळणाऱ्या रकमेस लोक ‘दुधाचा पगार’ म्हणू लागले. शाळा उघडण्याच्या सुमारास गणवेशाचे कापड रोखीने नेणाऱ्या माउली दुकानाची पायरी चढू लागल्या. घरातील गाईची धार काढणारी बाई स्वतःच्या कमाईचे लुगडे स्वतः पसंत करू लागली. अर्थशास्त्राच्या पुस्तकात ज्यास क्रयशक्ती म्हणतात, ती मी या रूपाने पाहिली.

देशाच्या आकड्यांतही हा बदल दिसतो. १९५०-५१ साली भारताचे दूध उत्पादन १ कोटी ७० लाख टन होते; २०२३-२४ मध्ये ते सुमारे २३ कोटी ९० लाख टनांवर गेले. याचे श्रेय अर्थातच अनेकांचे आहे. डॉ. वर्गीस कुरियन आणि १९७० पासूनची धवलक्रांती, सहकारी दूध संघ, आपल्या म्हशी आणि लक्षावधी कष्टकरी भगिनी, या सर्वांचा त्यात वाटा आहे. गरिबाच्या गोठ्यातील गाय सुधारण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत मणिभाई अग्रस्थानी होते, एवढेच मला म्हणावयाचे आहे.

मणिभाईंचा दुसरा मोठा प्रयोग आदिवासी बांधवांमधील आहे. ज्याच्यापाशी पुरेशी जमीन नाही, पाणी नाही, पोट भरण्यासाठी जो वर्षातील काही महिने गाव सोडून मजुरीस जातो, त्यास दुभती गाय देऊन काय होणार? तो चारा कोठून आणील? हे ओळखून १९८२ पासून दक्षिण गुजरातमधील वांसदा भागात ‘वाडी’ हा कार्यक्रम सुरू झाला. एका कुटुंबाने साधारण एक एकर डोंगरउताराची जमीन बागेखाली आणावयाची. आंबा आणि काजूची कलमे, मधल्या जागेत भाजीपाला व धान्य, कडेने सरपणाची आणि चाऱ्याची झाडे. झाडे फळास येईपर्यंतची वर्षे कठीण असतात; त्या काळात भाजीपाला आणि आंतरपिकांवर घर तग धरते. गावातच काम मिळाल्याने स्थलांतर थांबते आणि मुलांची शाळा सुटत नाही. मणिभाईंच्या पश्चात हा प्रयोग महाराष्ट्रासह अनेक राज्यांत पोहोचला आणि २००३-०४ मध्ये नाबार्डने आपला आदिवासी विकास निधी याच नमुन्यावर उभारला.

भारत सरकारने १९६८ साली मणिभाईंना पद्मश्री देऊन गौरविले. १९८२ साली लोकसेवेसाठीचा रॅमन मॅगसेसे पुरस्कार त्यांना लाभला. गांधीजींना ३६ वर्षांपूर्वी दिलेले वचन कृतीत उतरवल्याचा उल्लेख त्या मानपत्रात आहे. जगाच्या पाठीवर वचनपूर्तीसाठी गौरव व्हावा, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. एवढी मोठी संस्था उभारूनही त्यांनी स्वतःसाठी काही राखले नाही. अंगावर खादी आणि राहणी आश्रमाची. अपरिग्रहाचा अर्थ धन निर्माण न करणे असा नसून, निर्माण झालेल्या धनावर आपले नाव न लावणे असा आहे, हे त्यांच्याकडे पाहून समजते.

आता एका नाजूक प्रश्नाकडे वळतो. तो टाळला तर हे चरित्रकथन अपुरे राहील. संकरीकरणावर टीकाही झाली आहे. परदेशी रक्ताच्या गाईस आपला उन्हाळा सोसत नाही, तिला रोग लवकर होतात, औषधोपचाराचा खर्च वाढतो, हे शेतकरी सांगतात. खिलार, देवणी, डांगी, लाल कंधारी, गवळाऊ या आपल्या जातींकडे दुर्लक्ष झाले, हेही खरे. आणि आपल्या मनास सर्वाधिक टोचणारा प्रश्न गोऱ्ह्यांचा आहे. जन्मास येणाऱ्या वासरांपैकी निम्मी नर असतात. संकरित बैल उन्हात नांगरास टिकत नाही आणि नांगराची जागा ट्रॅक्टरने घेतली आहे. मग त्या गोऱ्ह्याचे काय होते? महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल व वळू यांच्या हत्येसही कायद्याने बंदी आहे. परंतु कायदा कापण्यास मनाई करतो. वैरण घालत नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात ५० लाखांहून अधिक मोकाट जनावरे आढळली. ही जनावरे रस्त्यावर प्लॅस्टिक खातात, पिकांत शिरतात, लाठ्या खातात. हीसुद्धा हिंसाच आहे, फक्त तिच्यावर कोणाची सही नसते.

मणिभाईंच्या कार्याचे मूल्यमापन करताना हा दोष झाकण्याचे कारण नाही. मात्र त्यांनीच दिलेल्या पद्धतीत त्यावरील उपायही दडलेला आहे. ती पद्धत म्हणजे मोजणे, अभ्यासणे आणि सुधारणे. उरुळीचा आरंभच गीर गाईने झाला होता, आणि देशी जातींचे जतन व संवर्धन हा आज बाएफच्या कार्याचा भाग आहे. लिंगवर्गीकृत वीर्याच्या वापराने शंभरातील सुमारे नव्वद वासरे मादी जन्मतात, असे तंत्र आता आपल्या देशात उपलब्ध झाले आहे. नको असलेले गोऱ्हे जन्मासच येऊ नयेत, याहून निरुपद्रवी उपाय मला तरी दिसत नाही.

या ठिकाणी आपल्या संस्थेपुरते एक निवेदन करतो. जीवदयेच्या निधीतून आपण दरवर्षी पांजरपोळास चाऱ्यासाठी देणगी देतो. ती दिलीच पाहिजे. दारात आलेल्या भुकेल्या जिवास आधी घास, विचार नंतर. परंतु पांजरपोळ म्हणजे नदीच्या मुखाशी घातलेला बांध होय. पाणी वरून येतच राहणार. पन्नास वर्षांत पांजरपोळातील जनावरे कमी झाली नाहीत, वाढली. म्हणून या निधीचा काही अंश आपण उगमाकडे वळवावा, असे मी सुचवितो. तालुक्यातील एखादे गाव निवडावे. तेथील अल्पभूधारकांच्या जनावरांचे लसीकरण, वांझपणावरील उपचार, हिरव्या चाऱ्याचे बियाणे, आणि मादी वासरांसाठीच्या रेतनाचा खर्च, एवढ्या चार गोष्टी दहा वर्षे अखंड कराव्यात. दरवर्षी वार्षिक सभेत आय-व्ययाच्या पत्रकाबरोबर एक जास्तीचे पान जोडावे, की त्या गावातील किती जनावरे यंदा शेतकऱ्याच्या दावणीलाच राहिली. पांजरपोळात आली नाहीत, बाजारात गेली नाहीत. तो आकडा हाच आपला नफा समजावा.

कोणी म्हणेल, दहा वर्षे फार झाली. दरवर्षी नवे गाव, नवा कार्यक्रम, नवे छायाचित्र, याची सवय आपल्या सर्वच संस्थांना झाली आहे. मणिभाईंनी एका गावास ४७ वर्षे दिली आणि त्या एका गावातून काम राज्याराज्यांत गेले. आरंभीच त्यांनी दहा गावे घेतली असती तर कदाचित एकही उभे राहिले नसते.

विश्वस्त मंडळाने या सूचनेचा विचार पुढील सर्वसाधारण सभेत करावा, अशी माझी नम्र विनंती आहे. मंडळाने मान्यता दिल्यास पहिल्या वर्षाच्या चारा-बियाण्याचा खर्च आमच्या पेढीतर्फे उचलण्याची माझी तयारी आहे, आणि पुढील नऊ वर्षांसाठी नऊ घरे पुढे यावीत, असे आवाहन मी या व्यासपीठावरून करतो.

 बोलण्यात कोणाचे मन दुखावले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.